चौथ्या मजल्याची कडी

टीव्हीवर त्या दोन इमारती जळताना दाखवत होते तेव्हा घरात सगळे एकदमच बोलत होते. मुलगा लोखंडाचं सांगत होता, किती तापलं की ते वाकतं वगैरे. सून म्हणाली, या अतिरेक्यांना मुद्दाम उंचच काहीतरी लागतं, बुटक्या घराला कोण विचारतो. नातू ते विमान पुन्हा पुन्हा येऊन आदळताना पाहत होता. मी आपली वरच्या खिडक्यांकडे पाहत होते. एका खिडकीतून कोणीतरी पांढरं कापड हलवत होतं. मी म्हटलं, "अरे, ते बाईमाणूस आहे की बाप्या, ते तरी पाहा." कोणाचं लक्षच नाही. मग मी उठले आणि आत जाऊन मेथी निवडत बसले. वाईट वाटलं हे तर आहेच, पण त्याहून जास्त राग आला. खाली उभं राहून वर पाहणाऱ्या लोकांचा मला फार जुना राग आहे.

तसं म्हटलं तर उंच इमारतींचं वेड मलाच होतं. अमरावतीला आमचं घर बसकं, कौलारू, माणूस जरा उंच असला की दारात कपाळमोक्ष ठरलेला. बाबा शाळेत मास्तर. नवरात्रात अंबादेवीकडे जत्रा भरायची, तिथे चित्रांची पेटी घेऊन एक माणूस यायचा. भोकाला डोळा लावून आत पाहायचं आणि तो बाहेरून एकेक चित्र सरकवायचा. ताजमहाल, कुतुबमिनार, आणि शेवटी अमेरिकेतली ती ढगांत घुसलेली इमारत. "बादल में रहते हैं लोग, देखो," असं तो म्हणायचा. मी त्या एका चित्रासाठी रांगेत पुन्हा उभी राहायची. इतक्या वर राहणाऱ्या बाईला कोणी काम सांगत नसेल, असं मला का कोण जाणे वाटायचं.

घरी येऊन मी कोळशानं मागच्या भिंतीवर ती इमारत काढली. आई शेणाचा हात तसाच धरून बघत राहिली आणि म्हणाली, "इतक्या वर पाणी कोण चढवून राहिलं?" बाबा हसले. तिथे यंत्रं असतात, माणसांना वर ओढून नेणारे पाळणे असतात, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग त्यांना आठवलं, की एकदा धुक्यात वाट चुकून विमान त्या इमारतीला धडकलं होतं, वर्तमानपत्रात आलं होतं. वरच्या मजल्यावर कचेऱ्या होत्या, बाया कामाला बसल्या होत्या. आईनं विचारलं, "मग काय झालं?" बाबा मोठ्या कौतुकानं म्हणाले, "काही नाही झालं. नुसतं भोक पडलं. इमारत हलली पण नाही. काय बांधकाम असेल." आई म्हणाली, "मी इमारतीचं नाही विचारलं." बाबांना त्या बायांचं काही ठाऊक नव्हतं. ते वर्तमानपत्र केव्हाच रद्दीत गेलं होतं.

अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं आधी मुलाचं नाही, घराचं सांगितलं. वडील वकील, घर चार मजली, सगळं सिमेंटचं, गावात एवढं उंच राहतं घर दुसरं नाही. बाबांनी मुलाच्या पगाराचं विचारलं, आईनं सासूच्या स्वभावाचं. मी आतून फक्त चार मजली एवढंच ऐकलं आणि मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. मूर्खपणा म्हणा हवं तर. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय विचारायला शिकवलं होतं? बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला उतरलो, टांगा गल्लीत वळला आणि मी मुंडावळ्या बाजूला करून मान वर केली. घर होतं मात्र खरंच उंच. माझी मान अवघडली.

ते घर सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, स्वतः नकाशा काढून बांधलं होतं. जागा अरुंद म्हणून ते वर वर गेलं. खाली त्यांची बैठक, तिथे पक्षकार बसायचे. दुसऱ्या मजल्यावर निजायच्या खोल्या. तिसऱ्यावर स्वयंपाकघर आणि देवघर, खालच्या वर्दळीचा विटाळ नको म्हणून. आणि चौथ्यावर गच्ची, गच्चीत एकच खोली. जिना घराच्या पोटातून एकच, सगळ्या मजल्यांना तोच. पाहुणा आला की मामंजी त्याला आधी गच्चीवर न्यायचे, मोर्णा नदी दाखवायचे, किल्ला दाखवायचे, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांची, म्हणजे जिनांची, धुराडी दाखवायचे आणि मग म्हणायचे, "एवढी हवा खाली मिळत नाही." पाहुणा धापा टाकत हो म्हणायचा.

पाणी कोण चढवतं, हा माझ्या आईचा प्रश्न मला तिथे पहिल्याच दिवशी सुटला. मी चढवत होते.

गच्चीवरची खोली कशासाठी होती ते महिना भरायच्या आत कळलं. आमच्यात बाईनं महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून घरात यायचं. अमरावतीला आई परसातल्या पडवीत बसायची. तिथून तिला रस्ता दिसायचा, शेजारीण कुंपणावरून बोलायची, आई तर म्हणायची की मले तेवढाच आराम आहे. अकोल्याच्या घराला परसच नव्हतं. म्हणून मामंजींनी नकाशातच ती सोय वर केली होती. मोकळी हवा म्हणून. या गोष्टीचा त्यांना अभिमानच होता, फक्त ती पाहुण्यांना सांगता येत नव्हती.

जिन्याच्या शेवटी, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, एक दार होतं. त्याची कडी खालच्या अंगानं. बाजूला बसलेली बाई वर गेली की सासूबाई कडी लावून घ्यायच्या. कारण अगदी साधं होतं. माझी धाकटी नणंद तेव्हा लहान, ती धावत वर यायची, शिवायची आणि मग तिला भर दुपारी आंघोळ घालावी लागायची. शिवाय देवघराचं दार जिन्यावरच उघडायचं. मला खाली जायचं झालं तर मी दार वाजवायची, सासूबाई देवघर लोटून घ्यायच्या, कडी काढायच्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. मी पदर आवळून खाली जायची आणि तशीच परत यायची. पुन्हा कडी. जेवणाचं ताट दाराशी ठेवलेलं असायचं. सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. ताटात लोणचं त्या कधी विसरल्या नाहीत. त्या स्वतःही त्या खोलीत बसलेल्या होत्या, घर बांधल्यापासून त्यांची पाळी जाईपर्यंत.

पण कडी ती कडी. लग्नाआधी मला उंचावरून जग पाहायचं होतं, आता महिन्याच्या महिन्याला पाहत होते. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जाताना दिसायच्या. बडनेऱ्याकडे जाणारी गाडी दिसायची, तिचा धूर फार लांबपर्यंत दिसायचा. हे, म्हणजे आमचे यजमान, शेतकी खात्यात दर्यापूरला नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी यायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "वर मले कोंडल्यासारखं होते." ते म्हणाले, "एवढी हवा आहे." अंगाचा नुसता तिळपापड झाला. हवेचं कौतुक ऐकून ऐकून मला हवेचाच वीट आला होता.

पासष्ट साली लढाई सुरू झाली. अकोल्याला विमान कशाला येतंय, पण गावाला एकदम महत्त्व आल्यासारखं झालं. खिडक्यांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग लागला, शाळेच्या मैदानात खंदक खणले आणि पहिल्याच पावसात त्यात बेडकं झाली. जिनाचा भोंगा वाजला की दिवे घालवायचे असं ठरलं. गल्लीत सगळ्यात जास्त चर्चा आमच्या घराची. समोरचा किराणावाला मामंजींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "पाकिस्तानचं इमान आलं तं पयले वकीलसायबाचंच घर दिसन. मंग बाजूचे आमी फुकट मरू." मामंजी आधी चिडायचे. मग मात्र मला वाटतं त्यांना ते आवडायला लागलं. शत्रूला दिसण्याएवढं घर आपण बांधलं, ही काही लहान गोष्ट नव्हती. गच्चीवर जाऊन ते आभाळ न्याहाळायचे आणि खाली येऊन गंभीर चेहऱ्यानं सुपारी कातरायचे.

गावात बचावाची समिती निघाली. तिचे प्रमुख एक निवृत्त फौजदार, गळ्यात शिट्टी, तोंडात सतत हुकूम. त्यांनी प्रात्यक्षिक करायचं काढलं: उंच इमारतीवर बॉम्ब पडून आग लागली तर लोकांना खाली कसं आणायचं. उंच इमारत म्हटल्यावर आमचीच. मामंजींनी लगेच होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी हजामत करून नवा कोट बाहेर काढला.

आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मी बाजूला बसले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ताच कशी गं तू?" जसं काही मी फौजदारांना विचारून वेळ ठरवली होती. मग त्यांनी आणि मामंजींनी खाली काहीतरी बोलणं केलं आणि सासूबाई दाराआडून मला म्हणाल्या, "तासाभराचं काम आहे. तू गुपचूप बसून राहा. कठड्याशी उभी राहू नकोस, सारं गाव खाली राहीन." मी विचारलं, "आणि कडी?" त्या म्हणाल्या, "कडीचं काय? नेहमीसारखी." त्यांचंही खरं होतं. चारचौघांत, समितीची माणसं जिन्यावरून वरखाली करताना, बाजूला बसलेली सून मध्येच दार उघडून आली असती तर घराची शोभा झाली असती. मी मान हलवली, पण त्यांना ती दिसणार नव्हती, आमच्यात दार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊला गल्ली माणसांनी फुलली. मी कठड्यामागे उकिडवी बसून जाळीच्या भोकातून पाहत होते. ते भोक मला त्या जत्रेतल्या पेटीची आठवण करून देत होतं, फक्त आता मी पेटीच्या आत होते. बाया ओसरीवर, पोरं झाडावर, किराणावाला खुर्ची घेऊन बसलेला. समितीच्या लोकांनी एक मोठं घमेलं आणलं, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घातली आणि वर जिनातला ओला कचरा. धूर नीट दिसावा म्हणून ते घमेलं जिन्याच्या पायथ्याशी ठेवलं. मजल्यांची दारं लावून घेतली, धूर घरात शिरू नये म्हणून. मग फौजदारांनी शिट्टी वाजवली, जिनाचा भोंगा वाजला आणि आमच्या घरची माणसं ठरल्याप्रमाणे पळत बाहेर आली. सासूबाई नणंदेचा हात धरून. मामंजी कोट घालून, सगळ्यांच्या शेवटी, जहाजाच्या कप्तानासारखे.

फौजदारांनी मोठ्यानं विचारलं, सगळ्या गल्लीला ऐकू जावं म्हणून, "वकीलसाहेब, वर कोण आहे?"

मामंजी म्हणाले, "कोणी नाही."

"पक्कं?"

"कोणीच नाही. सगळे खाली आलेत."

मला वाईट वाटावं असं त्यात काही नवं नव्हतं. ठरलेलंच होतं ते. पण चार मजले खाली उभा राहून एक माणूस स्वच्छ आवाजात सांगतो की तू नाहीस, आणि तू ऐकते आहेस, हे ठरलेलं असलं तरी निराळंच लागतं. मी कठड्यामागे आणखी खाली वाकले, कारण नसलेल्या माणसानं दिसायला नको.

घमेल्यातून धूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धूर जिन्यात शिरला आणि जिना मोकळा असल्यामुळे सरळ वर ओढला गेला. माझ्या दाराच्या फटीतून तो गच्चीवर यायला लागला. आधी पऱ्हाटीचा, चुलीसारखा वास. ठीक आहे म्हटलं. मग वास बदलला. जुन्या गादीचा वास.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, वळणाच्या रुंद जागेत, उसवलेल्या गाद्यांचा कापूस रचून ठेवला होता. दसऱ्याआधी गाद्या पिंजून घ्यायची आमच्या घरची रीत, पिंजारी दुसऱ्या दिवशी येणार होता. सासूबाईंनी आदल्या दिवशी म्हटलं होतं की तो ढीग हलवा. मामंजी म्हणाले होते, धूर आहे, जाळ थोडाच आहे. ते मी वरून ऐकलं होतं. आणि मला आता पक्कं कळलं की पऱ्हाटीच्या ठिणग्या वर उडाल्या असणार. कापूस भडकत नाही, आतल्या आत लाल होत जातो, वऱ्हाडातल्या लेकराला पण हे सांगावं लागत नाही. जिनात अशी आग लागली की दोन-दोन दिवस विझत नसे.

मी दाराकडे गेले आणि दार वाजवलं. सवयीनं हळूच वाजवलं, शेजारी देवघर म्हणून नेहमी वाजवायची तसं. मग भानावर आले आणि दोन्ही मुठींनी ठोकलं. खाली कोण होतं ऐकायला? फटीतून येणारा धूर आता पिवळट आणि जाड होता, डोळे उघडवेनात. खोलीत जाऊन घागरीतलं पाणी आणलं आणि फटीत घोंगडी ओली करून कोंबली. पाचावर धारण बसली होती. गच्चीला दुसरा जिना नाही, शेजारचं छप्पर दोन मजले खाली, नगरपालिकेची शिडी तर दुसऱ्या मजल्यापुढे जात नाही हे सगळ्या गावाला माहीत. एवढ्या वर्षांत मी त्या घरात कितीदा तरी मनात म्हटलं होतं की मी इथे अडकले. तेव्हा ते बोलण्यापुरतं होतं. आता खरंच अडकले होते.

मी कठड्याशी सरळ उभी राहिले. डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले, अंगावर कालचंच लुगडं. आणि ओरडले, आग लागली, खरी आग लागली, कडी काढा म्हणून. मामंजींसमोर मी तोपर्यंत मोठ्यानं शिंकले देखील नव्हते.

सगळी गल्ली वर पाहायला लागली. आणि लोक हसले. टाळ्या वाजल्या. खालून कोणीतरी बाई म्हणाली, "पाह्य वं, कशी खरोखरची ओरडून राह्यली. शिकवलं असन तिले." किराणावाला खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "वा, नाटक झ्याक बसवलं फौजदारसायबानं." फौजदार चक्रावून मामंजींकडे पाहत होते, कारण त्यांनी असलं काही बसवलं नव्हतं, पण गर्दी खूश आहे म्हटल्यावर त्यांनी शिट्टी पुन्हा वाजवली. मी हात हलवत होते. जितके हात हलवले तितक्या टाळ्या.

त्या सगळ्या गर्दीत दोनच माणसांना ठाऊक होतं की हे नाटक नाही. मामंजी तोंड वर करून उभे होते. मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. त्यांचे ओठ हलले, पुन्हा मिटले. "वर सून आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती का आहे हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळणार, आणि ती नाही असं आत्ताच आपण सांगितलं हेही कळणार. कोर्टात भल्याभल्यांची बोबडी वळवणारा माणूस, त्याला ते तीन शब्द निघेनात. मी वाट पाहिली. मनात मी त्यांना इतकं वाईट बोलले की ते इथे लिहिता येणार नाही.

सासूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी नणंदेचा हात सोडला, पदर खोचला आणि फौजदारांच्या हाताखालून जिन्यात शिरल्या. फौजदार ओरडले, "अहो बाई, आता परत जायचं नाही, नियम आहे." त्या आत गेल्या पण होत्या.

त्यांचे गुडघे दुखायचे. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकाला यायच्या त्या जिन्यात दोनदा बसून. मी दाराला कान लावून उभी होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांचा खोकला ऐकू आला आणि कडी निघाली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडाला पदर, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. मी सवयीनं मागे सरकले, त्यांना शिवणार नाही अशी. त्यांनी माझं मनगट पकडलं. "चल," म्हणाल्या, आणि दुसऱ्या मजल्यापाशी, "पाय उचलून टाक." कापसाचा ढीग राखाडी झाला होता आणि आत सगळा लाल होता. त्याला वळसा घालून जाताना माझ्या लुगड्याचा काठ जळला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं चुरगाळून विझवला आणि पहिला हात काही सोडला नाही. आम्ही दोघी तशाच गल्लीत आलो, हातात हात, सगळ्यांच्या देखत.

टाळ्या थांबल्या होत्या. लोकांना वास आला होता. मग एकच पळापळ झाली, वाळू, बादल्या, ओली पोती. आग लवकरच आटोक्यात आली, गाद्या तेवढ्या गेल्या आणि भिंत काळी झाली. फौजदार मामंजींना म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही तर म्हणत होता वर कोणी नाही." मामंजींनी नवा कोट काढून हातावर घेतला. शेजारच्या बाया माझ्याकडे, मग सासूबाईंच्या हाताकडे पाहत होत्या. त्यांना सगळं समजलं होतं.

संध्याकाळपर्यंत घर धुऊन झालं. सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, गोमूत्र शिंपडलं, हाताला लोणी लावलं आणि मला म्हणाल्या, "वर जा आता. अजून व्हायचे आहेत तुझे दिवस." अगदी नेहमीच्या आवाजात. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग लक्षात आलं, त्या माझ्यासाठी आगीत शिरल्या होत्या, रीतीच्या विरुद्ध नव्हे. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात सुखानं शेजारी शेजारी राहत होत्या.

मी म्हटलं, "मी नाही जात वर."

"मग कुठे बसशील?"

"इथे." आणि मी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. मामंजींच्या बैठकीसमोर.

सासूबाई समजावून थकल्या, रागावून थकल्या. "डोक्यात राख घालून घेऊ नकोस," म्हणाल्या. माझ्या डोक्यात खरंच राख होती, मी ती झटकून दाखवली. ताट मला तिथेच मिळालं, लोणच्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षकार आले. ते माझ्याकडे बघायचे, चपला काढायच्या का नाही ते त्यांना कळायचं नाही, अंग चोरून बैठकीत जायचे. सगळ्या घराला वरखाली करताना माझ्या बाजूनं भिंतीला चिकटून जावं लागत होतं. मामंजींना सुद्धा. सासरा सुनेशी थेट बोलत नसे तेव्हा. ते घसा साफ करायचे, थांबायचे आणि निघून जायचे. मी काही उठले नाही. मनात भीती होती की आता ही माणसं अमरावतीला तार करतील, न्या म्हणतील तुमची मुलगी. तशी तयारी ठेवून मी बसले होते.

दुपारी शेवटचा पक्षकारही निघून गेला. मग आतून मामंजींचा आवाज आला.

"जिन्यात कोण आहे?"

ते पाहत होते ना मला, दार उघडंच होतं. मी म्हटलं, "मी आहे."

"बरं," ते म्हणाले. आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "ऐकू आलं."

त्या आठवड्यात सुतार आला आणि वरच्या दाराची कडी काढून घेऊन गेला. दाराला चार भोकं राहिली. बाजूला बसायची सोय बैठकीमागच्या लाकडं ठेवायच्या खोलीत झाली. तिला गल्लीकडे उघडणारं दार होतं. बसायचं काही सुटलं नाही, ते पुढे बरीच वर्षं चाललं, पण जमिनीवर चाललं. गच्चीवर मामंजींनी मग पाहुण्यांना नेलं नाही. हवेचं कौतुकही थांबलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, त्यांच्या पिढीला ती मागता येत नव्हती आणि मीही वाट पाहिली नाही. मी त्यांना मनातून माफ पण केलं नव्हतं.

फक्त एक सवय त्यांना लागली. कोर्टातून आले की टोपी काढायच्या आधी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचे आणि वर तोंड करून विचारायचे, "वर कोण आहे?" सासूबाई तिसऱ्यावरून म्हणायच्या, "मी आहे." नणंद म्हणायची, "मी." मी मुद्दाम सगळ्यात शेवटी बोलायची. माझा आवाज आल्याशिवाय ते टोपी काढायचे नाहीत. कधी कधी मी मुद्दाम उशीर करायची. ते तसेच उभे राहायचे.

तीन-चार वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांची खाट बैठकीत आणली. फौजदार भेटायला आले, किराणावाला रोज पेपर वाचून दाखवायला यायचा. मामंजी नुसते छताकडे पाहायचे. पण दुपारी त्यांचा तो प्रश्न मात्र यायचा, अर्धवट, तोंडातल्या तोंडात, आणि घरातल्यांनी आपापल्या मजल्यावरून उत्तर द्यायचं.

एका उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. घरात मी आणि ते, बाकी सगळे लग्नाला गेलेले. कावळे फार आले होते, त्यांना हाकलता हाकलता माझं खाली लक्ष नव्हतं. हाक आली असेल तर मला ऐकू गेली नाही. हातातलं काम संपवून मी जिन्यानं खाली उतरायला लागले, आणि वळणापाशी, जिथे तो कापूस जळला होता आणि भिंत अजून काळी होती, तिथून मला ते दिसले.

ते खाटेवर नव्हते. जिन्यात होते. एक हात कठड्याला, दुसरा लोंबणारा, धोतर सुटलेलं, पायऱ्यांवर छाती टेकवून ते वर सरपटत होते. कसे आले असतील तिथपर्यंत, देव जाणे. घामानं निथळत होते. मला पाहून थांबले आणि कपाळ पायरीला टेकलं.

"बोलली... नाहीस," म्हणाले.

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि त्यांचा हात धरला. तोपर्यंत मी त्यांना नमस्कारापलीकडे कधी शिवले नव्हते.

"आहे मी, मामंजी," मी म्हटलं. "मी वर होते."